उतारवयाची त्वचा आणि धारवाडचा कोरडा वारा

दिवाळी सरली की हुबळी-धारवाडचा वारा बदलतो. पावसाळाभर पश्चिमेकडून, घाटावरून येणारी ओलसर हवा थांबते आणि पूर्वेकडून, गदग-नवलगुंदच्या काळ्या रानांवरून कोरडी हवा वाहू लागते. धारवाड समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंचीवर, मलनाडच्या डोंगराळ पट्ट्याच्या कडेला आहे. हुबळी तिथून वीसेक किलोमीटरवर, थोडी सखल आणि जास्त रुक्ष. इथली थंडी हाडं गोठवणारी नसते, म्हणून तिची कुणी फारशी दखल घेत नाही. पण याच दिवसांत माळमड्डी, सप्तापूर, देशपांडेनगर, विद्यानगर इथल्या घरांमधून साठी-सत्तरी ओलांडलेली माणसं रात्री उठून पाय खाजवत बसतात. नडगीवर पांढरा कोंडा धरतो, नख ओढलं की रेघ उमटते, सकाळी चादर झटकली की पापुद्रे उडतात. घरातलं कुणीतरी म्हणतं, "वयाची खाज ती, चालायचंच."

हे 'चालायचंच' मला मान्य नाही. उतारवयातल्या त्वचेची बरीचशी दुखणी टाळता येतात किंवा पुष्कळ कमी करता येतात, आणि तीही स्वस्तात. जी टाळता येत नाहीत ती वेळेवर ओळखली तर मोठं संकट टळतं. अडचण अशी की त्वचेची निगा म्हटलं की आपल्यापुढे गोरेपणाच्या आणि सुरकुत्या घालवण्याच्या जाहिराती येतात. त्यामुळे पंचाहत्तरीच्या माणसाला हा विषय आपला वाटतच नाही. खरं तर त्वचेकडे लक्ष देण्याची सर्वांत जास्त गरज त्याच वयात असते.

२०११च्या जनगणनेत देशात साठी ओलांडलेले लोक १० कोटी ३८ लाख होते, म्हणजे दर शंभरांत साडेआठांहून थोडे जास्त. आज ते त्याहून कितीतरी अधिक आहेत. १९९५ मध्ये भारतीय त्वचारोगतज्ज्ञांच्या नियतकालिकात पंचावन्न वर्षांवरच्या २०० लोकांची एक पाहणी छापून आली होती. त्यात तीन चतुर्थांशांहून जास्त जणांची तक्रार एकच होती, खाज.

ही खाज येते कुठून हे कळण्यासाठी त्वचेचा सर्वांत वरचा थर समजून घ्यावा लागतो. कागदाहूनही पातळ असलेल्या या थराचं काम आतलं पाणी आत आणि बाहेरची घाण, जंतू बाहेर ठेवण्याचं. मेलेल्या चपट्या पेशी विटांसारख्या एकावर एक रचलेल्या असतात आणि त्यांच्या सांध्यांत सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्लं यांचा चुना भरलेला असतो. तरुणपणी हा थर साधारण चार आठवड्यांत नवा होतो, उतारवयात त्याला सहा आठवडे किंवा त्याहूनही जास्त लागतात. सांध्यांतला हा चुना वयानुसार कमी होतो, तेलग्रंथी आणि घामाच्या ग्रंथी मंदावतात. निरोगी त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो, त्याचा सामू पाचच्या आसपास असतो. वय वाढतं तसा तो वर सरकतो, आणि मग हा चुना तयार करणारी विकरंही नीट काम करत नाहीत. सांधे उघडे पडले की पाणी उडून जातं. बाहेर हवा कोरडी असेल तर ते आणखी वेगाने उडतं. आतल्या मज्जातंतूंची टोकं चाळवतात आणि खाज सुटते. खाजवलं की सांधे आणखी फाटतात. रात्री दोन वाजता उठून बसलेल्या माणसाच्या नडगीवर हे दुष्टचक्र चालू असतं.

खालच्या थरातही फरक पडतो. त्वचेला ताण सोसण्याचं बळ देणारं कोलॅजन प्रौढ वयात दर वर्षी सुमारे एक टक्क्याने घटतं. बायकांच्या बाबतीत पाळी थांबल्यानंतरच्या पहिल्या पाच वर्षांत ते तीस टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकतं. वरचा आणि खालचा थर एकमेकांत दातेरी खाचांनी अडकलेले असतात. त्या खाचा सपाट होत जातात आणि जराशा घसटीने वरचा थर सुटून येतो. कातडीखालची चरबी विरळ होते, त्यामुळे हाडाला टेकलेल्या जागी गादीचा आधार उरत नाही.

पण म्हातारपण म्हणून आपण जे पाहतो त्यातलं बरंचसं वयाचं नसून उन्हाचं असतं. सत्तरीच्या कुणाही माणसाच्या दंडाची आतली, काखेजवळची बाजू पाहा आणि मग त्याच हाताची मनगटाकडची बाहेरची बाजू पाहा. दोन्हींचं वय एकच. आतली कातडी पातळ झाली असली तरी मऊ आणि एकसारख्या रंगाची असते. बाहेरची जाड, डागाळलेली, खोल रेघांची. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात एकोणसत्तर वर्षांच्या एका ट्रकचालकाचं छायाचित्र प्रसिद्ध झालं. अठ्ठावीस वर्षं ट्रक चालवताना त्याच्या चेहऱ्याची डावी बाजू खिडकीकडे असे. ती बाजू उजवीपेक्षा कितीतरी म्हातारी दिसत होती. खिडकीच्या काचेतून अतिनील किरणांपैकी 'अ' प्रकारचे किरण बरेचसे आत येतात आणि तेच कोलॅजन तोडतात. हुबळी हे मालवाहतुकीचं मोठं ठाणं. ज्यांची उमर ट्रकच्या किंवा एसटीच्या सुकाणूमागे गेली, त्यांनी आपला उजवा हात आणि उजवा गाल एकदा निरखून पाहावा.

हुबळी-धारवाड पंधराव्या अक्षांशाच्या थोडं वर आहे. इथे दुपारचं ऊन बाराही महिने प्रखर असतं, डिसेंबरातलं सुखद वाटणारंसुद्धा. आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीत मेलॅनिन जास्त असल्याने त्वचेचा कर्करोग आपल्याकडे गोऱ्या लोकांच्या मानाने फार कमी होतो, हे खरं. पण काळे डाग, खडबडीतपणा आणि सुरकुत्या यांपासून ते मेलॅनिन पूर्ण वाचवत नाही. शिवाय ते बनवणाऱ्या पेशी दर दशकात सुमारे दहा ते वीस टक्क्यांनी कमी होतात. ऑस्ट्रेलियातल्या नॅम्बर गावी पंचावन्न वर्षांखालच्या नऊशेवर लोकांचा साडेचार वर्षं अभ्यास झाला. रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांची त्वचा मनाला येईल तेव्हा लावणाऱ्यांपेक्षा २४ टक्के कमी वयस्क झाली, असं त्यात दिसलं. म्हणजे उपाय लागू पडतो. तरी सत्तरीच्या माणसाला मी आधी छत्री, रुंद काठाची टोपी किंवा डोक्यावरून पदर आणि पूर्ण बाह्यांचा सुती सदरा सांगेन, सनस्क्रीन त्यानंतर. उणकल तलावाच्या किंवा केलगेरीच्या काठी फिरायला जायचं तर सकाळी आठच्या आत जावं.

इथे ड जीवनसत्त्वाचा प्रश्न येतो. १९८५च्या एका अभ्यासात दिसलं की सत्तरी ओलांडलेल्यांची त्वचा त्याच उन्हात तरुणाच्या निम्म्याहूनही कमी ड जीवनसत्त्व बनवते. त्यामुळे ते मिळावं म्हणून म्हाताऱ्या माणसाने भर दुपारी उन्हात बसून राहण्यात अर्थ नाही. रक्त तपासून गोळी घेणं सोपं आणि सुरक्षित.

आता आंघोळ. माझ्या मते इथल्या वृद्धांच्या खाजेचं सर्वांत मोठं आणि सर्वांत सहज दूर होणारं कारण आंघोळीत आहे. थंडीत कढत पाण्याने अंग शेकून काढल्याशिवाय आपल्या माणसांना आंघोळ झाल्यासारखी वाटत नाही. गरम पाण्याने खाज क्षणभर शमते हेही खरं, म्हणून ती सवय अधिकच घट्ट होते. पण तेच पाणी विटांमधला चुना विरघळवून नेतं. त्यावर साबण. अंगाच्या नेहमीच्या साबणाचा सामू नऊ-दहाच्या घरात असतो, म्हणजे आम्लधर्मी त्वचेच्या अगदी उलट. तरुण कातडी काही तासांत सावरते, म्हातारीला फार वेळ लागतो, तोवर दुसऱ्या दिवशीची आंघोळ येते.

त्यात इथल्या पाण्याची भर. जोडशहरांना मलप्रभेचं पाणी सवदत्तीच्या रेणुकासागरातून येतं, पण बऱ्याच वस्त्यांत नळ काही दिवसांआड येतो. म्हणून न्हाण्या-धुण्याला बोअरचं जड पाणी वापरलं जातं. जड पाण्यात फेस येत नाही, म्हणून माणूस साबण जास्त घासतो. पाण्यातल्या कॅल्शियमशी साबण मिळून जो चिकट साका होतो, तो पुरता निघत नाही आणि अंगावर वाळून चरचरतो. नळाचं पाणी मोजकंच असेल तर ते घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या आंघोळीला राखून ठेवावं.

पाणी कोमट घ्यावं. कोपर बुडवून पाहिलं तर ऊनही लागू नये आणि गारही, इतपत. आंघोळ पाच-दहा मिनिटांत उरकावी. साबण काख, जांघ आणि पावलं यांनाच. हात, पाठ, पोट, नडग्या यांना रोज साबणाची गरज नसते. घाम आणि धूळ नुसत्या पाण्याने जाते. साबण लागतोच असं वाटणाऱ्यांनी सौम्य, साबणविरहित सिंडेट वडी घ्यावी. वज्री टाचेपुरती, अंगाला नाही. दिवाळीचं उटणं वर्षातून एकदा आनंदाने लावावं, पण बेसन किंवा कोरडं उटणं रोज घासणाऱ्या आजींच्या नडग्या का फुटतात हे आता सांगायला नको. अंग टॉवेलने टिपावं, खसखसून पुसू नये. आणि अंग पुरतं वाळायच्या आत, तीनेक मिनिटांत, त्यावर स्निग्ध काहीतरी लावावं.

आपल्या घरांत तेल आंघोळीच्या आधी लावायची रीत आहे. नरक चतुर्दशीला मराठी घरांत अभ्यंग होतं, कन्नड घरांत तेलाचं न्हाणं. त्यात मर्दनाचं सुख आहे, सांधे मोकळे होतात. पण नंतर साबणाने ते तेल बहुतेक धुऊन जातं आणि कोरडेपणा तसाच राहतो. कोरड्या त्वचेला तेल हवं ते आंघोळीनंतर, ओलसर अंगावर. ओल आत अडकवणं हे त्याचं काम, ओलच नसेल तर ते अडकवणार काय?

कुठलं तेल लावावं, हा प्रश्न हमखास विचारला जातो. खोबरेल चांगलं. २००४ मध्ये फिलिपीन्समध्ये कोरड्या त्वचेच्या रुग्णांवर खोबरेल आणि खनिज तेल यांची तुलना झाली, दोन्ही सारखीच उपयोगी ठरली. ऑलिव्ह तेलाला मान मोठा, पण इंग्लंडमधल्या एका प्रयोगात ते काही आठवडे हाताला लावल्यावर वरचा थर उलट बिघडला, सूर्यफुलाच्या तेलाने तसं झालं नाही. फरक मेदाम्लांचा आहे. ऑलिव्ह तेलात ओलेइक आम्ल भरपूर, ते सांधे सैल करतं. सूर्यफुलात आणि करडईत लिनोलेइक आम्ल जास्त, ते त्वचेला तिचा चुना बनवायला लागतं. धारवाड भागात जोंधळ्याच्या रानात करडईच्या ओळी पेरायची जुनी चाल आहे, इथे तिला कुसुबी म्हणतात. लाकडी घाण्याचं कुसुबीचं तेल आजही मिळतं आणि अंगाला लावायला ते उत्तम. शेंगदाणा तेलात ओलेइक आम्ल जास्त, मोहरीचं तेल नाजूक कातडीला झोंबतं. ही दोन्ही स्वयंपाकघरातच बरी.

तेलाहून जास्त काम जाड मलम करतं. १८७२ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट चेझब्रो याने ज्याचं पेटंट घेतलं ती पेट्रोलियम जेली आजही त्वचेतलं पाणी अडवणाऱ्या पदार्थांत अव्वल आहे, आणि अतिशय स्वस्त. ग्लिसरीन, युरिया आणि लॅक्टिक आम्ल यांचं काम वेगळं, ती पाणी ओढून धरतात. दहा टक्के युरियाचं मलम नडग्यांच्या कोंड्यावर फार छान चालतं, मात्र कातडी फाटलेली असेल तिथे झोंबतं. सुवासिक, रंगीत, महागड्या बाटल्यांचा हट्ट सोडावा. उतारवयात वास आणि रंगच ॲलर्जीचं कारण होतात. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या चौदा वृद्धनिवासांत रोज दोनदा मॉइश्चरायझर लावून पाहिलं. नेहमीच्या पद्धतीच्या तुलनेत कातडी फाटण्याच्या जखमा जवळपास निम्म्यावर आल्या. साध्या मलमाने सकाळ-संध्याकाळ हात-पाय चोळायचे, एवढीच ती गोष्ट.

दोन धोके मात्र सांगितलेच पाहिजेत. तेल लावलेले पाय आणि शहाबादी फरशी यांची गाठ पडली की खुब्याचं हाड मोडतं. पायांना तेल-मलम पलंगावर बसून लावावं, मोजे घालावेत, मगच उठावं. दुसरा धोका आगीचा. मलमं कपड्यांत आणि पांघरुणात मुरतात आणि असं कापड चटकन पेट घेतं. विडी ओढणाऱ्या आजोबांनी आणि शेगडीपुढे उभ्या राहणाऱ्या आजींनी हे पक्कं ध्यानात ठेवावं.

टाचांच्या भेगांना, जळवाताला, कोकणात आणि शिरसी-कारवारकडे कोकमाचं घट्ट तेल वापरतात, त्याला भिरंडेल म्हणतात. गड्डा जरा गरम करून भेगेत भरायचा. स्टिअरिक आम्लाने भरलेलं हे तेल अंगाच्या उबेने मऊ होतं आणि भेग झाकून टाकतं. हुबळीच्या बाजारात ते मिळायला अडचण नाही. खोल, रक्त येणाऱ्या भेगा असतील आणि मधुमेह असेल तर मात्र घरचा उपाय करत न बसता पाय दाखवावेत.

महिनाभर एवढं सगळं करूनही खाज जात नसेल, तर ती कोरडेपणाची नाही असं धरून चालावं. सहा आठवड्यांहून जास्त टिकलेल्या खाजेला वैद्यकात जुनाट म्हणतात आणि तिचं कारण शोधावं लागतं. मूत्रपिंडं थकली, यकृतात पित्त अडलं, थायरॉइड बिघडलं, लोह कमी झालं, मधुमेह आवाक्याबाहेर गेला, क्वचित रक्ताचा किंवा लसीकाग्रंथींचा कर्करोग झाला, तर पहिली खूण म्हणून नुसती खाज येऊ शकते, अंगावर काही न दिसता. साध्या रक्ततपासण्यांतून यातलं बरंच कळतं.

खाज घरात एकाहून अधिक जणांना असेल, रात्री वाढत असेल, बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, बेंबीभोवती पुरळ असेल तर ती खरूज. म्हाताऱ्यांत ती बऱ्याचदा ओळखू येत नाही, 'वयाची खाज' म्हणून महिनोन्महिने राहते आणि नातवंडांना लागते. पर्मेथ्रिन मलम मानेपासून तळपायापर्यंत रात्रभर लावायचं, आठवड्याने पुन्हा, आणि तेही घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री. एकट्या आजींना लावून उपयोग नाही.

जुलै-ऑगस्टात धारवाडची रिपरिप लागते, कपडे वाळत नाहीत, आणि तक्रार उलटी होते. जांघा, स्तनांखालची घडी, पायाच्या बोटांच्या बेचक्या ओल्या राहून गजकर्ण आणि बुरशी येते. मग औषधाच्या दुकानातून तीन-चार औषधं एकत्र केलेलं मलम आणलं जातं. त्यात क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन यांसारखं जोरदार स्टिरॉइड असतं. खाज दोन दिवसांत थांबते, बुरशी मात्र खाली पसरत राहते, आणि म्हातारी कातडी कागदासारखी पातळ होऊन तिच्यावर जांभळे डाग उठतात. चिठ्ठीशिवाय असलं मलम म्हाताऱ्या माणसाला लावणं हा अपराधच मानावा, इतकं नुकसान त्याने होतं.

खाजेच्या गोळीचंही तेच. फेनिरामाइन, क्लोरफेनिरामाइन, हायड्रॉक्सिझिन ही जुन्या पिढीची औषधं गुंगी आणतात, भ्रम निर्माण करतात, पुरुषांची लघवी अडवतात आणि रात्री बाथरूमला जाताना तोल घालवतात. कोरडेपणाच्या खाजेवर त्यांचा फायदाही फारसा नसतो. सत्तरीनंतर आठवडेच्या आठवडे खाज येऊन मग अंगावर टणक, पाण्याने भरलेले मोठे फोड आले तर बुलस पेम्फिगॉइड या रोगाची शंका घ्यावी. मधुमेहासाठी ग्लिप्टिन वर्गातली गोळी, विशेषतः विल्डाग्लिप्टिन, चालू असेल तर ते डॉक्टरांना मुद्दाम सांगावं, कारण या गोळ्यांशी त्या रोगाचा संबंध दिसून आला आहे.

नागिणीबद्दल थोडं विस्ताराने लिहायला हवं, कारण तिच्याबाबत आपण दिवस वाया घालवतो. लहानपणी येऊन गेलेल्या कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूंच्या गाठींत दडून राहतो आणि प्रतिकारशक्ती मंदावली की एका बाजूने, पट्ट्यासारखा बाहेर येतो. आधी दोन-तीन दिवस तिथे नुसती आग किंवा ठणका, मग पुरळ. तीन माणसांतल्या जवळपास एकाला आयुष्यात कधी ना कधी ती होते. नागिणीची दोन टोकं जुळली की माणूस मरतो, ही समजूत मराठी घरांत आहे आणि कन्नड घरांतही. ती खोटी आहे. खरं भय नंतरच्या वेदनेचं. पुरळ जाऊनही महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षं तिथे आग होत राहते, सदऱ्याचा स्पर्श सोसत नाही, झोप उडते. विषाणूविरोधी गोळ्या पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झाल्या तर त्यांचा सर्वांत जास्त उपयोग. त्या तीन दिवसांत आपण लेप लावतो, उतारा करतो, कुणी सांगितलेल्या माणसाकडे मंत्र घालायला जातो. लेप लावायचाच असेल तर गोळी सुरू केल्यानंतर बघावं. कपाळावर, डोळ्याच्या बाजूला किंवा नाकाच्या शेंड्यावर नागीण आली तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवावं, दृष्टी जाऊ शकते. पन्नाशीनंतर घेता येणारी नवी, दोन मात्रांची लस २०२३ पासून भारतात मिळते. महाग आहे, पण परवडत असेल तर मुलांनी आई-वडिलांना द्यावी अशी ती भेट आहे.

मधुमेह्यांच्या पायांबद्दल इथला एक नेहमीचा प्रसंग सांगतो. एप्रिल-मे महिन्यात सिद्धारूढ मठात किंवा आणखी कुठल्या देवळात भर दुपारी अनवाणी प्रदक्षिणा होतात. ज्यांच्या तळव्यांची जाणीव मधुमेहाने गेली आहे त्यांना तापलेल्या दगडाचा चटका कळतच नाही. संध्याकाळी तळव्यावरचा फोड दिसतो, आणि त्यातून पाय कापण्यापर्यंत पाळी येऊ शकते. देवाला पहाटे जावं, किंवा जाड मोजे घालावेत. देवस्थानांनीही उन्हाळ्यात प्रदक्षिणेच्या वाटेवर काथ्याची चटई अंथरावी, पुष्कळ पाय वाचतील.

पातळ कातडी पलंगाच्या कडेला घासून सोलवटली तर सुटलेला पापुद्रा कापून टाकू नये. स्वच्छ पाण्याने धुऊन तो ओल्या कापसाने हलकेच जागेवर बसवावा, वर न चिकटणारी जाळीची पट्टी आणि सैल बँडेज बांधावं. चिकटपट्टी थेट कातडीला कधीही लावू नये, काढताना ती आणखी कातडी घेऊन येते. हातांवर उठणारे जांभळे डाग बहुधा निरुपद्रवी असतात, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांमुळे ते वाढतात. त्या गोळ्या मात्र मनाने बंद करू नयेत.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाची त्वचा हा घरच्यांच्या कसोटीचा भाग आहे, आणि बहुतेक घरांत ते काम सून किंवा मुलगी एकटी करत असते. सतत दाबलेल्या जागेचा रक्तपुरवठा तुटतो आणि काही तासांत आतलं मांस मरायला लागतं. म्हणून साधारण दर दोन तासांनी कूस बदलायची. गौर त्वचेवर आधी लाली दिसते, आपल्या सावळ्या त्वचेवर ती दिसत नाही. तिथे माकडहाड, खुबे आणि टाचा यांवर हात फिरवून पाहायचं. एखादी जागा आजूबाजूपेक्षा गरम, टणक किंवा जास्त काळपट लागली तर ती सुरुवात. त्या जागेवर चोळायचं नाही, त्याने नुकसान वाढतं. रबरी रिंगवर बसवायचं नाही, कडेचा दाब उलट रक्त अडवतो. पोटरीखाली उशी देऊन टाचा अधांतरी ठेवायच्या. डायपर ओला झाला की लगेच बदलायचा आणि झिंक ऑक्साइडचं मलम पातळ लावायचं. माणसाला ओढून वर सरकवायचं नाही, चादरीसकट दोघांनी उचलायचं. पलंगावर हवेची गादी आली म्हणून कूस बदलणं सुटत नाही.

राहिले डाग आणि गाठी. हातापायांवरचे तांदळाएवढे पांढरे ठिपके उन्हाचे आणि वयाचे असतात; ते कोड नव्हे. तपकिरी-काळे, वरून चिकटवल्यासारखे दिसणारे खडबडीत उंचवटे, मानेवरच्या मऊ चामखिळी, छातीवरचे लालबुंद बारीक ठिपके, सगळे निरुपद्रवी. पण महिनाभरात भरून न येणारा व्रण, जुन्या भाजल्याच्या वणावर उठलेली जखम, तळव्यावर किंवा नखाखाली वाढत जाणारा काळा डाग, आणि जिथे टोचलेलं कळत नाही असा फिकट चट्टा, हे चारही लगेच दाखवायचे. हुबळीत विद्यानगरला १९५७ मध्ये सुरू झालेलं, किम्स म्हणून ओळखलं जाणारं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, धारवाडच्या वाटेवर सत्तूरला एसडीएमचं रुग्णालय आहे. दोन्हीकडे त्वचारोग विभाग आहे.

म्हाताऱ्या माणसाला स्वतःची पाठ दिसत नाही, तळवे पाहायला वाकता येत नाही आणि चष्म्यातूनही बारीक डाग सुटतात. शिवाय आपली माणसं संकोची, अंग दाखवायला तयार होत नाहीत. तेव्हा घरातल्या धडधाकट माणसांना माझी विनंती आहे. महिन्यातून एकदा, सकाळच्या उजेडात, आई-वडिलांची पाठ, टाचा, तळवे आणि बोटांच्या बेचक्या नीट पाहा, आणि पाहता पाहता हातापायांना मलम लावून द्या.